मामाचा डुमस: खान्देशच्या वाट्याला आलेला समुद्र

आजचा भाग समुद्राबद्दल आहे. धुळे-जळगावचा माणूस समुद्राबद्दल काय बोलणार, असं वाटत असेल तर थोडं थांबा.

झालं असं की मागच्या डिसेंबरात ताई आणि दाजींनी आई-बाबांना जमैकाला नेलं. ताई न्यू जर्सीला असते, आई-बाबा तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेले होते. थंडीने दोघं वैतागले, म्हणून पाच दिवसांची ट्रिप. माँटेगो बे नावाचं शहर, समुद्राला चिकटून हॉटेल. मनगटावर एक पट्टा बांधला की खाणं, पिणं, पोहणं सगळं त्यातच. मी इकडे पुण्यात रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे भर दुपार. मागे निळंशार पाणी, आई साडीवर दाजींची टोपी घालून उभी. मला वाटलं, आता म्हणेल किती सुंदर आहे. तर आई म्हणाली, "आठली रेती धवयी शे रे. डुमससारखी कायी नही."

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: इथली रेती पांढरी आहे, डुमससारखी काळी नाही. आणि हे ती कौतुकाने नाही, जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली. मीठ कमी पडलंय, असं सांगतात ना, तसं.

मी हसलो आणि फोन ठेवला. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्या घरात समुद्राचं माप डुमस का? डुमस गुजरातमध्ये, सुरतजवळ. आम्ही महाराष्ट्रातले, आम्हाला अख्खं कोकण आहे. मग समुद्र म्हटलं की मुरुड, हरिहरेश्वर न आठवता डुमस का आठवतं? हे शोधायला बसलो आणि एक गंमत सापडली. आई ज्या जमैकात उभी होती तिथली सुट्टी आणि आमची डुमसची सुट्टी, दोन्हींच्या मुळाशी मालवाहतूक आहे. तिकडचा माल तर आपल्या फारच ओळखीचा आहे. केळी.

केळीच्या जहाजातून आलेले पाहुणे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन नुसतं लोळायचं, ही कल्पना फार जुनी नाही. आपल्याकडे समुद्रस्नान पर्वकाळाचं असायचं. समुद्रावर रोज जाणारा माणूस म्हणजे कोळी किंवा खलाशी, आणि तो कामाला जायचा. इंग्लंडमध्ये १८व्या शतकात डॉक्टरांनी समुद्राचं पाणी औषध म्हणून सांगायला सुरुवात केली. ब्रायटनसारखी गावं आधी आजाऱ्यांची होती. १८४१मध्ये लंडन ते ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली आणि मग धडधाकट लोकही तिकडे जायला लागले. म्हणजे आधी गाडी आली आणि तिच्या मागून सुट्टी आली.

जमैकात गाडीच्या जागी जहाज होतं. १८७०मध्ये लॉरेन्झो डाऊ बेकर नावाच्या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळीचे घड जहाजात टाकले आणि अमेरिकेत विकले. अमेरिकेत तेव्हा बहुतेकांनी केळं पाहिलंही नव्हतं. धंदा चालला. १८८५मध्ये त्यातून बोस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली आणि १८९९मध्ये ती युनायटेड फ्रूट कंपनीत मिसळली. या कंपनीची जहाजं पांढऱ्या रंगाची असायची, कारण पांढऱ्या रंगावरून ऊन परततं आणि आतली केळी थंड राहतात.

आता इंजिनिअर डोक्याने विचार करा. जहाज केळी घेऊन बोस्टनला जातं. परत येताना काय आणायचं? रिकामं जहाज म्हणजे तोटा. म्हणून केबिनमध्ये प्रवासी बसवले. बर्फातून सुटका हवी असलेले श्रीमंत अमेरिकन. ते उतरणार कुठे? बेकरने पोर्ट अँटोनिओला मोठं हॉटेल बांधलं. जमैकातल्या हिवाळी सुट्टीची सुरुवात ही अशी, परतीच्या फेरीचा खर्च काढण्यातून झाली. माझी आई जिथे उभी होती त्या माँटेगो बेमधला डॉक्टर्स केव्ह हा किनारा १९०६मध्ये एका डॉक्टरने पोहण्याच्या क्लबसाठी दिला, आणि पुढे तिथलं पाणी रोग बरे करतं अशी ख्याती पसरली. तिथेही औषधच आधी आलं.

आणि केळी जहाजावर चढवत कोण होतं? बायका आणि पुरुष, डोक्यावर घड घेऊन, रात्रभर. मोजणारा माणूस एकेक घड मोजायचा आणि त्यावर मजुरी. हॅरी बेलाफॉन्टेचं 'बनाना बोट साँग' रीलवर कधीतरी तुमच्या कानावर पडलं असेल. नाचायचं गाणं वाटतं. ते रात्रपाळी संपलेल्या हमालांचं गाणं आहे. त्यांना फक्त माल मोजून घेऊन घरी सोडायला हवं आहे.

यात आपलेही लोक होते. १८४५ पासून साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय गिरमिटिया म्हणून जमैकात नेले गेले. बहुतेक उत्तर भारतातले, कलकत्त्याच्या बंदरातून. आधी उसाच्या मळ्यांत, मग केळीच्या.

आपली केळी, आपली वाट

आता घरी येऊ. रावेर, यावल, चोपडा हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून पिढ्यान्‌पिढ्या केळी रेल्वेने उत्तरेला, दिल्लीकडे गेली. बसराई असो की टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश कुळातल्या. आज कॅरिबियन बेटांवरून निर्यात होणारी केळीही त्याच कुळातली.

पण दिल्लीहून परत येणाऱ्या वाघिणींत बसून सावद्याला कुणी सुट्टीला आलं नाही. ४५ अंशांच्या उन्हात कोण येणार? आपल्याकडे पाहुणे आले नाहीत. आपणच बाहेर पडलो. आणि आपण ज्या वाटेने बाहेर पडलो ती केळीच्याही आधीची आहे.

खान्देशातून समुद्राकडे जाणारी सगळ्यात जुनी मोठी वाट मुंबईला जात नव्हती. ती सुरतला जायची. मुघल काळात सुरत हे साम्राज्याचं मोठं बंदर, हजचे यात्रेकरू तिथूनच निघायचे, आणि बुऱ्हाणपूर ही दख्खनच्या सुभ्याची मोठी पेठ. या दोघांच्या मध्ये आपण. १६१५मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतला उतरला आणि नंदुरबारवरून तापीखोऱ्यातून बुऱ्हाणपूरला पोहोचला. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच वाटेने गेला. त्याच्या प्रवासवर्णनात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडा आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असंही त्याने लिहून ठेवलंय. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची गावं पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात, साडेतीनशे वर्षांपूर्वी!

पुढे मुंबई वाढली, सुरतचं बंदर गाळात रुतत गेलं. १८६०च्या दशकात मुंबईची रेल्वे भुसावळला आली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माल मुंबईकडे वळला. सुरतची वाट जुनी झाली.

ती पुन्हा जिवंत केली तापी व्हॅली रेल्वेने. १९००च्या सुमाराला सुरतहून नंदुरबार, अमळनेर असा रेल्वेमार्ग सुरू झाला. तो काळ छप्पन्याच्या दुष्काळाचा, गुजरात आणि खान्देश दोन्ही होरपळत होते. रेल्वे टाकणाऱ्यांच्या डोळ्यापुढे कापूस आणि धान्य होतं. आमच्यासारख्यांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा विचार कुणाच्याच मनात नव्हता.

आजही ही गाडी पकडलीत तर अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधन्याला पोहोचता. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली. फलाट तेवढा एकच राहिला. धुळ्याहून जायचं तर रस्ता: साक्री, कोंडाईबारीचा घाट, नवापूर. जुना सहा नंबरचा हायवे. कोलकात्यापर्यंत जाणाऱ्या या हायवेची सुरुवातच सुरतजवळच्या हजिऱ्याला होते, म्हणजे समुद्राला.

मामाचं गाव

मराठी मुलांना मामाचा गाव म्हटलं की झुकझुक गाडी, झाडं, विहीर, शिकरण असं आठवतं. माझ्या मामाचं गाव म्हणजे सुरतमधलं लिंबायत. एक खोली, वर पत्रा.

मामाची अमळनेर तालुक्यात दोन एकर कोरडवाहू जमीन. कापूस लावायचा. १९९०च्या दशकात दोन वर्षं लागोपाठ हातात काही आलं नाही, तेव्हा गावातल्या एकाचं बोट धरून तो उधन्याला उतरला आणि लूमवर लागला. त्याच्याआधी शेकडो गेले होते, त्याच्यानंतर हजारो गेले. धुळे, जळगाव, अमळनेरच्या जुन्या कापड गिरण्या एकेक करून थंडावल्या होत्या आणि सुरतचं पॉलिस्टर वाढत होतं. आज लिंबायत, उधना, डिंडोलीत फिरलात तर अहिराणी कानावर पडते. श्रावणात तिथे कानबाई बसते, मिरवणुकीत गल्ल्या भरतात. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. खान्देशचा एक मोठा तुकडा तिकडे राहतो, असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही मे महिन्यात दहा दिवस मामाकडे जायचो. त्यातला एक दिवस डुमसचा. ठरलेला. सकाळी मामा कामावरून यायचा, चहा घ्यायचा, आंघोळ करायचा आणि म्हणायचा, चला. मामी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधायची. दोन रिक्षा, मग बस. डुमसला उतरलं की आधी टोमॅटोची भजी, ही तिथली खासियत. मग आम्ही पाण्याकडे धावायचो. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी प्रचंड. ओहोटी असली की पाणी इतकं लांब जायचं की चिखलातून चालून पाय दुखायचे. मामा सांगायचा, घाई करू नका, "समुद्र काय पयी जास का?" खरं तर तो पळूनच गेलेला असायचा.

आणि मामा? तो वाळूवर गमछा पसरून झोपायचा. तीन-चार तास, तोंडावर टोपी. आम्ही त्याच्या पायांवर वाळू टाकायचो, तरी जाग यायची नाही. घरी एक फोटो आहे. आई, मामी, आम्ही भावंडं हसतोय, आणि खाली कोपऱ्यात आडवा पडलेला मामा. बाबा गमतीने म्हणायचे, हा समुद्र बघायला येतो की झोपायला?

मला हे कळायला नोकरी लागावी लागली. मामा बारा तासांची रातपाळी करून आलेला असायचा. लूमवर पैसे मीटरवर, जेवढं कापड तेवढी मजुरी. आमच्यासाठी दिवसाची सुट्टी घेतली तर तो दिवस कोरडा. म्हणून तो आमच्या मुक्कामात रातपाळी मागून घ्यायचा, म्हणजे दिवस मोकळा राहील. झोपेचे तास त्याने आम्हाला दिले होते आणि उरलेली झोप तो वाळूवर काढत होता.

कायद्यात पगारी सुट्टी आहे. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या फॅक्टरी कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळायची. त्याआधी १९३६मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुट्टीचा करारही केला होता. माझ्या ऑफिसच्या ॲपमध्ये 'अर्न्ड लीव्ह' असा रकाना आहे. मी दोन वेळा अंगठा लावतो, मॅनेजर एकदा लावतो, झाली सुट्टी. हा रकाना कुठून आला याचा मी कधी विचारच केला नव्हता. मामाने बावीस वर्षांत अशी एकही रजा घेतली नाही. ज्या छोट्या कारखान्यांत तो लागला तिथे हजेरीच्या वहीत त्याचं नाव कायमचं कधी चढलंच नाही.

मामीने मागच्या दिवाळीत सहज सांगितलं, की बावीस वर्षांत तो डुमसला सात-आठ वेळा गेला असेल, आणि प्रत्येक वेळी पाहुणे आले म्हणून. घरापासून समुद्र जेमतेम २० किलोमीटर!

काळी वाळू कुणाची

तुम्ही डुमसचं नाव ऐकलं असेल तर बहुधा भुतांच्या रीलमधून. तिथे पूर्वी स्मशान होतं, राखेने वाळू काळी झाली, रात्री आवाज येतात वगैरे. मे महिन्यातल्या रविवारी तिथे जा, भुतालाही उभं राहायला जागा मिळणार नाही.

खरा इतिहास जास्त रंजक आहे. डुमस हे सचीन संस्थानच्या नवाबांचं विश्रांतीचं ठिकाण. हे नवाब सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाचे, आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याची शाखा. १७९१मध्ये त्यांना सुरतजवळ हे संस्थान मिळालं. डुमसला त्यांचा महाल होता. इंग्रज काळात सुरतचे गोरे अधिकारी आणि धनिकही हवा बदलायला इथे यायचे. म्हणजे डुमसही आधी मोठ्यांचंच होतं. आमच्यासारखे फार उशिरा पोहोचले.

आणि वाळू काळी का? तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतपाशी समुद्राला मिळते. वाटेत तिचं खोरं दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून जातं. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, प्रकाशाला गोमाई. या खडकातली लोहयुक्त खनिजं नदी हजारो वर्षं दळत, वाहत खाली नेते. ज्या खडकाची झीज होऊन आपल्या शेतात कापसाची काळी जमीन झाली, त्याच खडकाचा चुरा तापी समुद्रापर्यंत घेऊन जाते. आईला काळी रेती ओळखीची वाटायची यात नवल नाही. डुमसच्या वाळूत खान्देशची माती आहे. आमच्या लोकांच्या कितीतरी आधी ती सुरतला पोहोचली.

पट्टा

जमैकाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १९५६मध्ये तिथे किनाऱ्यांबद्दल एक कायदा झाला. त्यानुसार किनारपट्टी सरकारच्या मालकीची झाली आणि सामान्य माणसाला समुद्रावर जाण्याचा, पोहण्याचा आपसूक हक्क उरला नाही. पुढे एकेक किनारा हॉटेलांच्या कुंपणात गेला. १९६२मध्ये देश स्वतंत्र झाला, कायदा तसाच राहिला. आज तिथले लोक त्याविरुद्ध आंदोलनं करतात, कोर्टात जातात. ज्यांच्या आजा-पणजाने केळीचे घड वाहिले, त्यांना स्वतःच्या बेटावर पाण्यात पाय बुडवायला वाट शोधावी लागते.

आईच्या मनगटावरचा तो पट्टा मला यानंतर वेगळा दिसायला लागला. ताईने मन लावून केलेली ट्रिप होती, आई-बाबांनी कष्ट काढलेत, त्यांना हे मिळायलाच हवं होतं. त्याबद्दल माझ्या मनात काहीच किंतु नाही. पण आईने मला पुढे सांगितलं, की खोली आवरायला येणाऱ्या बाईशी तिने हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या. तिला विचारलं, तू जातेस का पोहायला? ती बाई हसली आणि मान हलवली. आई म्हणाली, "आपल्या भाऊसारखंच."

डुमसला पट्टा लागत नाही. अजून तरी. गलिच्छ आहे, गर्दी आहे, पाणी मातकट आहे, पोहणं धोक्याचं आहे. पण मीटरवर काम करणारा माणूसही तिथे भजी खाऊन झोपू शकतो. कोकणातले सुंदर किनारे आम्ही नंतर पाहिले, गाडी आल्यावर, रिसॉर्टचं बुकिंग करून. समुद्र मात्र आधी मामाने दाखवला, कारण त्याची मजुरी त्या वाटेवर होती.

जानेवारीत मी मामाला फोन केला. आता त्याचं लूम सुटलंय, कानाने कमी ऐकू येतं, पोराचं मोबाइलचं दुकान आहे तिथे बसतो. त्याला आईचे जमैकाचे फोटो पाठवले होते. म्हटलं, मामा, कसा वाटला समुद्र? तो मोठ्याने म्हणाला, लूमवाले सगळे मोठ्यानेच बोलतात, "तठे भजा भेटतस का?" मी म्हटलं, नाही भेटत. "मंग काय कामना!"

या मे महिन्यात मी सुरतला जातोय. रजा टाकली आहे, मंजूरही झाली. मामाला घेऊन डुमसला जायचं, सकाळी, रात्रीची पुरेशी झोप झाल्यावर. भरतीची वेळ ॲपवर बघून ठेवली आहे.

तुम्हीही एक करा. तुमच्या घरात पहिल्यांदा समुद्र कुणी पाहिला, कोणत्या गाडीने गेले आणि कोणत्या कामासाठी, हे आजी-आजोबांना, मामा-काकांना विचारा. आवाज रेकॉर्ड करून ठेवा. जमलं तर मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकू. भेटू मग, पुढच्या रविवारी.